सॉर्टेक्सच्या कार्डातली चिप आणि भाच्याचा प्रोजेक्ट: एफपीजीएवर कॉम्प्युटिंग खरंच परवडतं का?

कळमना_करंट

नमस्कार मंडळी. मी नागपुरात दालमिलांची इलेक्ट्रॉनिक्सची कामं करतो. पॅनल, ड्राइव्ह, सेन्सर, वजनकाटा, जे बिघडेल ते. सध्या कळमन्याकडच्या एका मिलमधलं सॉर्टेक्स बंद पडून आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: डाळ च्यूटवरून घसरत खाली येते, वाटेत कॅमेरे पाहतात, काळा किंवा डागी दाणा दिसला की खालचं नोझल हवा मारून तेवढाच दाणा बाजूला उडवते. सर्व्हिसवाला येऊन गेला. 'कार्डच बदला' म्हणाला आणि असा आकडा सांगितला की शेटजींनी चहासुद्धा विचारला नाही त्याला.

कार्ड खोललं तर मधोमध स्पार्टन-६ (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप), बाजूला आठ पायांची फ्लॅश मेमरी, बाकी पॉवर सप्लाय आणि कनेक्टर. ना प्रोसेसर, ना विंडोज. एवढं सगळं काम ही एकटी चिप करून राहिली का?

दुसरी गोष्ट. भाचा इथंच इंजिनिअरिंगला आहे, तिसरं वर्ष, ईटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). कॉलेजमधून बेसिस-३ नावाचा एफपीजीएचा बोर्ड घरी आणलाय. म्हणते, 'मामा, यावर मॅट्रिक्स गुणाकार करतो, लॅपटॉपच्या शंभरपट फास्ट होते, नेटवर लिहिलं आहे.' मले पटून नाही राहिलं, पण नाही म्हणायला माझ्याकडे मुद्दा नाही. जाणकारांनी सांगावं.

तर्री_जास्त

धागा वाचतोय. आणि शेटजींनी चहा विचारला नाही म्हणजे आकडा खरंच मोठा होता.

धरमपेठी

बरीच वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफपीजीएमध्ये प्रोग्राम चालत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आत हजारो छोटे तक्ते असतात, त्यांना एलयूटी म्हणतात. सहा इनपुटचा तक्ता म्हणजे ६४ बिटांची इवलीशी मेमरी: सहा तारांवर काय आलं ते पाहायचं आणि तिथे लिहून ठेवलेलं उत्तर द्यायचं. प्रत्येकाजवळ एक बिट धरून ठेवणारा फ्लिपफ्लॉप, आणि सगळ्यांमध्ये तारांचं जाळं, ज्याचे सांधे हवे तसे जोडता येतात. कुठल्या तक्त्यात काय भरायचं आणि कुठला सांधा जोडायचा हे ज्या फाइलमध्ये असतं ती बिटस्ट्रीम. ती भरली की चिप तुम्हाला हवं ते सर्किट होते. उद्या दुसरी भरा, दुसरं सर्किट.

तुमच्या चिपमधली ही माहिती एसरॅम नावाच्या मेमरीत राहते, वीज गेली की पुसली जाते. म्हणून ती आठ पायांची फ्लॅश शेजारी बसवलेली आहे. मशीन सुरू केलं की चिप तिथून बिटस्ट्रीम वाचून घेते.

कल्पना जुनी आहे. जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्येच 'ठरलेला' आणि 'बदलता' असे दोन भाग असलेला संगणक मांडला होता, फक्त तसं हार्डवेअर हाताशी नव्हतं. १९८५ साली झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४ ही एफपीजीए आली, तिच्यात मोजून ६४ लॉजिक ब्लॉक. आज मोठ्या चिपमध्ये लाखो असतात.

तर हो, सॉर्टेक्सचं काम ती एकटी करते. कॅमेऱ्याकडून आलेला पिक्सेल तपासणारं सर्किट, दाण्याचा डाग मोजणारं सर्किट, नोझल उघडायची वेळ मोजणारं सर्किट, सगळी एकाच वेळी शेजारी-शेजारी चालू असतात. कोणी कोणाची वाट पाहत नाही.

भाच्याबद्दल: त्यालाच इथे बोलवा. मामाच्या खांद्यावर बंदूक नको.

थर्ड_इयर_ईटीसी

आलो. मीच तो भाचा. नमस्कार सर.

प्लॅन असा आहे: १००० बाय १००० ची दोन मॅट्रिक्स लॅपटॉपवरून यूएआरटीने (एकामागून एक बिट नेणारी साधी सिरियल जोडणी) बोर्डवर पाठवायची, बोर्डवर समांतर गुणाकार, उत्तर परत. बेसिस-३ वर ९० डीएसपी स्लाइस (गुणाकाराची तयार सर्किटं) आहेत म्हणजे एकाच क्लॉकमध्ये ९० गुणाकार. लॅपटॉपला ४-६ कोअर. म्हणून फास्ट होणारच ना? गाइड सरांना आयडिया आवडली आहे.

धरमपेठी

बस, कागद घे, हिशेब करू.

९० डीएसपी. तुझं डिझाइन २०० मेगाहर्ट्झला चाललं असं धरू (पहिल्यांदा करणाऱ्याचं शंभरला चाललं तरी खूप). प्रत्येक स्लाइस एका क्लॉकमध्ये एक गुणाकार आणि एक बेरीज करते. ९० गुणिले २ गुणिले २० कोटी, म्हणजे सेकंदाला ३६ अब्ज क्रिया. त्याही २५ बाय १८ बिटांच्या पूर्णांकांवर. फ्लोटिंग पॉइंट घेतलास तर एका गुणाकाराला एकाहून जास्त स्लाइस लागतील.

आता तुझ्या लॅपटॉपचा फक्त एक कोअर. एव्हीएक्स२ (एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेला बरासा कोअर एका क्लॉकला ३२ फ्लोटिंग पॉइंट क्रिया करतो. ३ गिगाहर्ट्झला ९६ अब्ज. एकच कोअर, आणि त्यानेच तुला गाठून मागे टाकलं.

खरी गंमत पुढे आहे. १००० बाय १००० चं ३२ बिटी मॅट्रिक्स म्हणजे ४० लाख बाइट. दोन पाठवायची, एक परत आणायचं: १ कोटी २० लाख बाइट. यूएआरटी १,१५,२०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट नेते. वेळ येतो १७ मिनिटांहून जास्त. चिप आत सगळा गुणाकार सेकंदाच्या सतराव्या-अठराव्या भागात उरकून सतरा मिनिटं हातावर हात धरून बसणार. यूएआरटीचा वेग दसपट केलास तरी चित्र तेच.

आणि ते मॅट्रिक्स ठेवणार कुठे? बेसिस-३ वर बाहेरची रॅम नाही. आतली ब्लॉक रॅम सगळी मिळून १,८०० किलोबिट, म्हणजे सव्वादोन लाख बाइटच्या आसपास. तुझं एकटं मॅट्रिक्स त्याच्या सतरापट.

थर्ड_इयर_ईटीसी

🙁 सर, सिनॉप्सिस सोमवारी द्यायचा आहे.

हिंजवडीत_अडकलेला_नागपूरकर

मी तर म्हणतो नादच सोड. जीपीयू घे, पायथन शीक, नोकरी लागेल. इंटेलने २०१५ मध्ये अल्टेरा ही एफपीजीए बनवणारी कंपनी १,६७० कोटी डॉलरना घेतली तेव्हा सगळे नाचत होते की आता प्रत्येक सर्व्हरमध्ये एफपीजीए येणार. काय झालं? २०२५ मध्ये ५१ टक्के हिस्सा विकून मोकळे. दहा वर्षांत गाजराची पुंगी. जीपीयूवर आज लिहिलेलं उद्या चालतं, एफपीजीएवर एक बग काढायचा तर पुन्हा कंपाइल, पुन्हा दोन तास.

धरमपेठी

कंपाइलचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कंपनीची खरेदी-विक्री हा तंत्राचा निकाल नव्हे. एएमडीने २०२२ मध्ये झायलिंक्स घेतली आणि अजून सांभाळून आहे.

'सर्व्हरमध्ये येणार'चंही अर्धंच सांगितलंत. मायक्रोसॉफ्टने कॅटापल्ट प्रकल्पात १,६३२ सर्व्हरमध्ये एकेक एफपीजीए बसवून बिंगच्या सर्चचं रँकिंग चालवलं आणि २०१४ मध्ये निकाल छापले. उत्तर यायला लागणारा वेळ तोच ठेवून प्रत्येक सर्व्हरमागे ९५ टक्के जास्त काम निघालं. ॲमेझॉननेही २०१७ पासून एफ१ नावाने भाड्याने एफपीजीए दिले. पण कॅटापल्टमध्ये फायदा ९५ टक्क्यांचा, म्हणजे दुपटीहून थोडा कमी. आणि तो काढायला जगातली उत्तम टीम. नेटवरचं 'शंभरपट' वाचताना हे लक्षात ठेवावं. शंभरपट आकडे बहुतेक वेळा एका आळशी लिहिलेल्या सी प्रोग्रामशी तुलना करून काढलेले असतात.

बर्डीवरचा

मला एक कळत नाही. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि तरी ३ गिगाहर्ट्झशी बरोबरी? कोणीतरी सोपं करून सांगा, मी कॉमर्सवाला.

तर्री_जास्त

माझा विषय आला. सकाळी पोह्याच्या ठेल्यावर पाहा. एक जण प्लेटीत पोहे टाकतो, दुसरा तर्री ओततो, तिसरा चिवडा-कांदा, चौथा पैसे घेतो. तुमची प्लेट चार हातांतून जाते, वेळ लागतो तेवढा लागतोच, पण ठेल्यावरून दर पाच सेकंदाला एक प्लेट बाहेर पडते. सीपीयू म्हणजे एकटाच पण वाघासारखा चपळ माणूस, सगळं स्वतः करणारा. एफपीजीएमध्ये हात हळू, पण हवे तितके लावता येतात. बरोबर का धरमपेठी?

धरमपेठी

बरोबर. याला पाइपलाइन म्हणतात. आणि जोपर्यंत गिऱ्हाईक सलग येतंय तोपर्यंतच ती परवडते.

कळमना_करंट

आता मी बोलतो, कारण माझ्या डोक्यात उजेड पडून राहिला.

मी काल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मिलमधल्या चालू मशीनपाशी उभं राहून पाहिलं. कॅमेऱ्याची रेष ते नोझल अंतर साधारण सहा सेंटिमीटर. दाणा तिथवर येईतो सेकंदाला तीन मीटरच्या घरात पळत असावा असा माझा अंदाज, म्हणजे हातात वेळ २० मिलिसेकंद. तेवढ्यात पाहायचं, ठरवायचं आणि बरोबर त्याच क्षणी हवा मारायची. एक मिलिसेकंद चुकला तर दाणा तीन मिलिमीटर पुढे. तुरीच्या डाळीचा दाणाच चार-पाच मिलिमीटरचा. दोन मिलिसेकंदाचा घोळ झाला की चांगला दाणा उडते आणि काळा पोत्यात जाते. शेटजींना ते थेट भावात दिसते.

म्हणजे इथं जास्त गणित करायचं नाहीच आहे. गणित चिल्लर आहे. वेळ पाळायची आहे. की मी चुकून राहिलो?

धरमपेठी

कळमनाभाऊ, तुम्ही एका परिच्छेदात जे सांगितलं ते सांगायला आमच्याकडे स्लाइड लागतात.

आणखी आकडे घाला. समजा २,०४८ पिक्सेलचा लाइन-स्कॅन कॅमेरा सेकंदाला १०,००० रेषा देतो. एका रेषेला १०० मायक्रोसेकंद, सेकंदाला दोन कोटींहून जास्त पिक्सेल. १०० मेगाहर्ट्झवर प्रत्येक पिक्सेलला जवळजवळ पाच क्लॉक मिळतात. लाल-निळ्याचं प्रमाण पाहा, उंबरठ्याशी तुलना करा, शेजारचा पिक्सेलही डागी आहे का बघा, तेवढ्यात आरामात होतं.

मेमरीही पुरते. पूर्ण चित्र ठेवायची गरजच नाही. तीन रंगांची एक रेष म्हणजे ४८ किलोबिट, मागच्या दोन-तीन रेषा ठेवल्या की दाण्याचा आकार कळतो. बेसिस-३ च्या १,८०० किलोबिटात सहज बसतं. उलट साधं ६४० बाय ४८० चं एक काळं-पांढरं चित्र ठेवायला गेलात तर २,४०० किलोबिटांवर जातं, तेच बसत नाही.

हेच काम पीसी आणि जीपीयूला द्या. सरासरी वेळ कदाचित उत्तम येईल, ५ मिलिसेकंद म्हणू. पण मधेच ऑपरेटिंग सिस्टीमला दुसरं काही सुचलं आणि एखाद्या रेषेला ३० लागले, की तेवढी डाळ निघून गेली. एफपीजीएमध्ये ठरलेल्या क्लॉकला नोझलची तार वर जाते. प्रत्येक वेळी.

हिंजवडीत_अडकलेला_नागपूरकर

ठीक आहे, हे मान्य. पण मग हे 'कॉम्प्युटिंग' कुठे राहिलं? हे तर कंट्रोल झालं. धाग्याचं शीर्षक बघा.

नारायणगाव_रिटर्न

मी मूळचा काटोल रोडचा, मध्ये काही काळ नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आसपास काम केलं, म्हणून लिहितो. तिथे कॉम्प्युटिंगच आहे आणि डोंगराएवढं आहे.

४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. सुधारित जीएमआरटीमध्ये प्रत्येकीचा सिग्नल ४०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात घेता येतो. आता ३० डिशच्या जोड्या किती? ४३५. प्रत्येक जोडीचा सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचा, सतत. हे काम कोणाला दिलं असेल? दोघांनाही. डिशचा सिग्नल अंकांत आणून त्याची पाकिटं बनवून जाळ्यावर सोडायचं काम रोच नावाच्या बोर्डांवर, त्यात व्हर्टेक्स-५ एफपीजीए. पुढची जोड्यांची प्रचंड गुणाकार-बेरीज जीपीयूंवर.

ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. सिग्नल थांबत नाही, 'जरा थांब' म्हणता येत नाही, तिथे दारात एफपीजीए. एकदा माल पाकिटात नीट बांधला की आतलं जड काम जीपीयूने करावं, कारण तिथे नवा अल्गोरिदम घालायला दोन दिवस पुरतात. दोघांची भांडणं इथे धाग्यावरच लागतात, तिथे नाही.

शेअरभौ

बाजारातही तेच. एक्सचेंजच्या को-लोकेशनमध्ये (एक्सचेंजच्याच जागेत आपले सर्व्हर ठेवायची सोय) बसून ट्रेडिंग करणाऱ्या बड्या कंपन्या भावांचा प्रवाह नेटवर्कच्या तारेवरूनच एफपीजीएत घेतात. पाकीट पूर्ण यायच्या आधीच वाचायला सुरुवात. ऑर्डर जायला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागावा म्हणून हा खटाटोप. आपण इकडे मोबाइलवर बोट दाबून 'पटकन घेतला' म्हणतो.

बर्डीवरचा

अवांतर: बिटकॉइनचं काढणंही यावर व्हायचं ना?

धरमपेठी

काही काळ, २०११ च्या सुमारास. मग त्याच कामासाठी वेगळ्या चिपा पाडल्या गेल्या आणि एफपीजीए बाहेर. काम कधीच बदलणार नसेल आणि लाखोंनी चिपा लागणार असतील तर स्वतंत्र चिप कधीही स्वस्त आणि वेगवान. मधली जागा एफपीजीएची. तशी सांकेतिक कुलपं तोडण्यातही आहे: जर्मनीत २००६ मध्ये १२० स्वस्त स्पार्टन-३ जोडून कोपाकोबाना नावाचं यंत्र केलं, डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीची ५६ बिटांची किल्ली सगळे पर्याय तपासून काढायला. तिथे बाहेरून पाठवायचा डेटा जवळजवळ शून्य, आत काम अफाट. तुझ्या यूएआरटीच्या बरोबर उलट, भाचेसाहेब.

थर्ड_इयर_ईटीसी

सर, समजलं. मॅट्रिक्स रद्द. मामाच्या डाळीचं करतो. पण माझ्याकडे लाइन-स्कॅन कॅमेरा नाही आणि तो परवडणारही नाही. शिवाय व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) मला काउंटर आणि ट्रॅफिक लाइटपुरतंच येतं. एचएलएसमध्ये (सी भाषेतून सर्किट बनवणारं साधन) सी लिहून केलं तर चालेल का? आणि बिटस्ट्रीम बनवणाऱ्या व्हिव्हाडो सॉफ्टवेअरने लॅपटॉपची हार्ड डिस्क गिळली आहे. मे महिन्यात दुपारी इम्प्लिमेंटेशन लावलं तर कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापतो.

लॅबवाली_ताई

मी कॉलेजात हीच लॅब घेते, म्हणून तुझ्यासाठी थोडं.

एचएलएस जरूर वापर, पण आधी एकदा तरी हाताने पाइपलाइन लिही. मुलं सीचा लूप टाकतात, वर पाइपलाइनचा प्रॅग्मा (टूलला दिलेली सूचना) चिकटवतात आणि रिपोर्टमध्ये दर क्लॉकला एक पिक्सेल येत नाही म्हणून रडत येतात. लूपची पुढची फेरी मागच्या फेरीच्या उत्तरावर अडली असेल तर कुठलाही प्रॅग्मा ती सोडवत नाही. हे कळायला सर्किट डोळ्यांसमोर यावं लागतं.

टायमिंग रिपोर्ट वाचायची सवय लाव. 'सिम्युलेशनमध्ये चालतं, बोर्डवर चालत नाही' या तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा निगेटिव्ह स्लॅक (सिग्नल क्लॉकच्या वेळेत न पोहोचणं) सापडला आहे, आणि तो लाल अक्षरांत समोर छापलेला असतो.

हार्ड डिस्कसाठी: इन्स्टॉल करताना फक्त आर्टिक्स-७ (बेसिस-३ वरची चिप) निवड, बाकीची डिव्हाइस काढ. पुढे स्वतःचा बोर्ड घ्यायचा झाला तर आइस-४० चिपचा बोर्ड किंवा टँग नॅनो ९के बघ. पहिल्याला योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही खुली साधनं छान चालतात आणि छोटं डिझाइन मिनिटभरात होतं. आइस-४० चं बिटस्ट्रीम २०१५ मध्ये हौशी लोकांनीच उलगडलं, त्यावर हे सगळं उभं राहिलं. आपल्या आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसरही आर्टी बोर्डवर चढवून पाहता येतो, सुट्टीत कर.

कॅमेरा नको. डाळ पांढऱ्या कागदावर पसरून मोबाइलने फोटो काढ, एकेक रेष ब्लॉक रॅममध्ये भरून ती कॅमेऱ्याच्या वेगाने सर्किटला पाज. उत्तराला नोझलऐवजी एलईडी. मोजायची गोष्ट एकच: रेष आत गेल्यापासून निर्णय बाहेर येईपर्यंत किती क्लॉक लागले, आणि दर वेळी तेवढेच लागले का. हाच आकडा लॅपटॉपवर ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या लायब्ररीने काढ, हजारो रेषांसाठी, आणि सरासरी नाही तर सगळ्यात वाईट वेळ लिही. प्रोजेक्टची मजा त्या दोन आकड्यांत आहे.

कळमना_करंट

ताई, धन्यवाद. पोराला रात्रीच फोन करून सांगितलं.

आता माझ्या कार्डाचं कोणी सांगेल का? चिप गेली असं सर्व्हिसवाला म्हणते.

धरमपेठी

चिप सहसा अशी जात नाही. आधी पॉवर बघा. स्पार्टन-६ च्या कोअरला १.२ व्होल्ट लागतात, तो रेल (वीजपुरवठ्याची लाइन) मीटरने नाही, ऑसिलोस्कोपने पाहा. मग डन नावाची पिन: बिटस्ट्रीम नीट भरली गेली की ती वर जाते, बऱ्याच कार्डांवर तिला एलईडी असतो. डन वर येत नसेल तर एक तर पॉवर डळमळतेय, नाहीतर फ्लॅश वाचली जात नाहीये. फ्लॅशला मात्र प्रोग्रामर लावून 'पुसून बघू' करू नका. आतली बिटस्ट्रीम दुसरीकडून मिळणार नाही.

कळमना_करंट

पाहिलं. डनचा एलईडी लागतच नव्हता. मीटरवर १.२ बरोबर दिसते, पण स्कोप लावला तर सुरू होताना रेल खाली बसून पुन्हा उठते. रेग्युलेटरच्या बाजूचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. बर्डीवरून कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) आणून लावले. एलईडी लागला, मशीन चालू. शेटजींनी चहा पण पाजला आणि वरून म्हणतात, 'एवढंच होतं तर इतके दिवस कशाला लावले?'

एक अडचण राहिली. काळ्या दाण्याबरोबर दोन-तीन चांगले दाणे अजून उडून राहिले. निर्णय वेळेवर येते असं धरलं तर चूक कुठं?

नारायणगाव_रिटर्न

नोझलचा व्हॉल्व्ह बघा. चिप निर्णय मायक्रोसेकंदात देईल, पण व्हॉल्व्ह उघडायला आणि बंद व्हायला मिलिसेकंद लागतात, आणि हवेचा दाब कमी असेल तर अजून जास्त. कॉम्प्रेसरच्या लाइनला गेज लावून मशीन पूर्ण लोडवर असताना पाहा, रिकामं असताना नाही.

धरमपेठी

+१. आणि मेनूत 'डिले' आणि 'इजेक्ट टाइम' अशा दोन सेटिंग असतील. च्यूट कधी बदललं किंवा तिरपं केलं असेल तर डिले जुनाच राहिलेला असतो. आधी दाब, मग डिले, सगळ्यात शेवटी इजेक्ट टाइम. तो वाढवला की काळा दाणा हमखास जातो, पण शेजारचे चांगलेही घेऊन जातो.

थर्ड_इयर_ईटीसी

मामा, रविवारी येतो मिलमध्ये. तुरीची डागी आणि चांगली दोन्ही डाळ अर्धा-अर्धा किलो काढून ठेवा, फोटोसाठी. सिनॉप्सिस मंजूर झाला, गाइड सर म्हणाले हरभरा डाळपण घे.

कळमना_करंट

काढून ठेवतो. मास्क आण, भुसा लय उडते.